चेरीची नवी वाणं आणि नवे खुंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडलेल्या चेरीची कोय पेरली तर तीच चेरी मिळेल का?

नाही. त्या कोयीतून झाड येईल, पण ते आईसारखं नसेल. चेरीचं जवळजवळ प्रत्येक बी हा दोन वेगळ्या झाडांचा संकर असतो, त्यामुळे एकाच झाडाच्या शंभर कोया पेरल्या तर शंभर वेगळी झाडं उगवतात आणि त्यातली बहुतेक आईपेक्षा लहान फळाची निघतात. म्हणून वाण टिकवायचं तर कलम करावंच लागतं. बागेत दिसणारं चेरीचं झाड मुळात दोन झाडांचं मिळून एक असतं. वर फळ देणारं वाण आणि खाली मुळांचा खुंट. या पानावर पुढे जे काही लिहिलंय ते या दोन्ही अर्ध्यांबद्दल आहे. लोक वरच्या अर्ध्याबद्दलच विचारतात, पण बाग परवडते की नाही हे पुष्कळदा खालचा अर्धा ठरवतो.

गोड चेरी आणि आंबट चेरी या एकाच झाडाच्या दोन जाती आहेत का?

दोन वेगळ्या प्रजाती आहेत. गोड चेरी म्हणजे प्रूनस एव्हियम, तिच्यात गुणसूत्रांचे दोन संच, एकूण १६ गुणसूत्रं. आंबट चेरी म्हणजे प्रूनस सेरासस, तिच्यात चार संच, ३२ गुणसूत्रं. गोड चेरी आणि प्रूनस फ्रुटिकोसा नावाची झुडपी चेरी यांच्या नैसर्गिक संकरातून आंबट चेरी आली. चार संच असल्यामुळे आंबट चेरीत एखादा गुण पुढच्या पिढीत कसा उतरेल याचा हिशेब बराच किचकट होतो. मॉन्टमोरन्सी या आंबट वाणाचा पूर्ण जनुकीय आराखडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गोड चेरीचा मात्र त्याआधीच, २०१७ मध्ये, सातोनिशिकी या जपानी वाणावरून तयार झाला होता.

संकर प्रत्यक्षात कसा करतात?

हाताने, एकेका फुलावर. हे काम जवळून पाहिल्याशिवाय नव्या वाणाची किंमत कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी कळी फुगून पांढऱ्या फुग्यासारखी होते. नेमकी तीच अवस्था हवी असते. नखांनी किंवा खाच पाडलेल्या चिमट्याने कळीच्या पेल्याला गोल चीर द्यायची आणि वरचा भाग टोपी काढल्यासारखा उचलायचा. पाकळ्या आणि पुंकेसर एकदमच निघून येतात. मागे राहतो तो एकटा हिरवट स्त्रीकेसर, पेल्याच्या मधोमध उभा. पाकळ्या नसल्यामुळे मधमाशा त्याच्याकडे फारशा फिरकत नाहीत. बापझाडाच्या बंद कळ्यांतले परागकोश आधीच गोळा करून कागदावर पसरलेले असतात. उबदार खोलीत एका रात्रीत ते फुटतात आणि कागदावर पिवळी भुकटी उरते. ती भुकटी छोट्या कुंचल्याने किंवा बोटाच्या टोकाने कुक्षीला, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाला, लावायची. कोरडी ठेवून गोठवली तर ती पुढच्या वर्षीही चालते, त्यामुळे उशिरा फुलणाऱ्या बापाचा पराग लवकर फुलणाऱ्या आईला देता येतो.

आता अडचण अशी की चेरीच्या एका फळात एकच बी. फुलात बीजांडं दोन असतात, पण त्यातलं एक बहुधा वाळून जातं. सफरचंदाच्या एका यशस्वी फुलातून अनेक बिया मिळतात, चेरीच्या फुलातून एक. हजार रोपं हवी असतील तर हजारांहून कितीतरी जास्त फुलांवर हात फिरवावा लागतो, तोही बहराच्या मोजक्या दिवसांत, थंडी-वाऱ्यात शिडीवर उभं राहून. रात्री कडाक्याचं दव गोठलं की दिवसभर केलेलं काम काळं पडलेलं दिसतं.

मग बी पेरलं की झालं?

अजून नाही. बियांना ओल्या वाळूत, ४ अंश सेल्सियसच्या आसपास, तीन-चार महिने थंडी द्यावी लागते, तेव्हा कुठे त्या उगवतात. फार लवकर पिकणाऱ्या वाणांत आणखी एक पेच आहे. फळ पिकून तयार होतं, पण आतला गर्भ अजून कच्चा असतो. असं बी मातीत टाकलं तर कुजतं. कोय फोडून गर्भ काढून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवावा लागतो. म्हणून लवकर येणारी वाणं तयार करणं हे उशिरा येणाऱ्यांपेक्षा जास्त जिकिरीचं आहे.

एक नवं वाण बाजारात यायला किती वर्षं लागतात?

पंधरा ते पंचवीस वर्षं धरून चाला. रोप पहिलं फळ देईपर्यंत तीन ते पाच वर्षं जातात. त्यानंतर काही हंगाम नुसतं चाखणं, मोजणं, तोडून टाकणं. निवडलेल्या मोजक्या झाडांची कलमं वेगवेगळ्या खुंटांवर आणि वेगवेगळ्या ठिकाणी लावून पुन्हा तपासणी. मग विषाणूमुक्त मातृवृक्ष तयार करणं, रोपवाटिकांना काडी देणं. अपवादही आहेत. पिवळ्या-गुलाबी रंगाची रेनियर ही चेरी अमेरिकेतल्या प्रॉसर इथल्या केंद्रात हॅरोल्ड फोगल यांनी १९५२ मध्ये बिंग आणि व्हॅन यांच्या संकरातून मिळवली आणि १९६० मध्ये ती प्रसारित झाली. आठ वर्षांत! असं भाग्य क्वचित लाभतं.

आमच्या ओळखीत एकाने एकच झाड लावलंय. फुलं भरभरून येतात, फळ एकही नाही. असं का?

बहुतेक गोड चेरी स्वतःच्या परागाला नकार देतात. हा नकार कसा घडतो हे चेरीच्या जनुकशास्त्रातलं मला सर्वात देखणं प्रकरण वाटतं.

प्रत्येक झाडाच्या गुणसूत्रांवर एस नावाच्या जागी जनुकाचे दोन प्रकार असतात, जसे एस३ आणि एस४. परागकणाकडे त्यातला एकच. परागकण कुक्षीवर पडला की त्याची नळी स्त्रीकेसराच्या दांड्यातून खाली वाढू लागते. त्या दांड्यात एक विकर (एन्झाइम) असतं, जे परागनळीतला आरएनए तोडून टाकतं. परागकणाकडेही स्वतःचं एक प्रथिन असतं. अनोळखी विकर परागनळीत निष्प्रभ होतं, पण ओळखीच्या विकराला हे प्रथिन वाचवतं. परागाचा एस प्रकार आईच्या दोनपैकी एकाशी जुळला तर ते विकर मोकळं राहतं आणि नळी अर्ध्या वाटेत थांबते. जुळला नाही तर ती बीजांडापर्यंत पोचते. म्हणजे इथे ओळख पटली की दार बंद.

याचा व्यवहारातला परिणाम असा की दोन वेगळी वाणं शेजारी लावली म्हणजे भागलं असं नाही. बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन ही तिन्ही नामांकित वाणं एस३एस४ आहेत. ती तिन्ही एकाच बागेत लावली तरी एकमेकांच्या काही कामाची नाहीत. व्हॅन ही एस१एस३ असल्यामुळे तिचा एस१ पराग बिंगला चालतो. झाडं विकत घेण्याआधी वाणांचे एस प्रकार विचारा आणि बहराच्या तारखाही जुळतात का ते पाहा.

काही वाणं एकटीच फळतात, ती कुठून आली?

बहुतेकांची वंशावळ एका प्रयोगापाशी जाऊन थांबते. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत डॅन लुईस यांनी चेरीच्या परागावर क्ष-किरण सोडले आणि त्या परागाने फळधारणा घडवून आणली. त्यातल्या एका रोपात एस४ मधला परागाकडचा भाग बिघडलेला होता. जनुकातली चार अक्षरं गळाल्यामुळे प्रथिन अर्धवट बनत होतं. त्या बिघाडामुळे नकाराची यंत्रणाच बंद पडली आणि तो पराग कुठल्याही चेरीवर, स्वतःवरसुद्धा, चालू लागला. पुढे कॅनडातल्या समरलँडमध्ये कार्लिस लापिन्स यांनी त्या रोपाचा लॅम्बर्टशी संकर केला आणि १९६८ मध्ये स्टेला हे वाण दिलं. लापिन्स, स्वीटहार्ट अशी आजची कितीतरी स्वफलनक्षम वाणं स्टेलाच्याच कुळातली.

पैदासकाराला यात एक सुंदर सोय सापडते. बिंग (एस३एस४) आई आणि स्टेला बाप घेतला तर स्टेलाचा एस३ पराग बिंगवर अडतो आणि फक्त बिघडलेला एस४च पुढे जातो. परिणामी जेवढी रोपं उगवतील तेवढी सगळी स्वफलनक्षम. एकही वाया जात नाही.

निसर्गातही असे बदल झालेले सापडतात. सिसिलीतल्या क्रोनिओ आणि स्पेनमधल्या क्रिस्टोबालिना या वाणांत स्वफलनाची कारणं निराळी आहेत. पैदासीत त्यांचा वापर वाढायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण सगळी भिस्त एका स्टेलावर ठेवणं बरं नाही.

फळाचा आकार आणि टणकपणा कशावर ठरतो?

जंगली चेरी जेमतेम एक-दोन ग्रॅमची, आजची चांगली चेरी दहा ग्रॅमच्या वर. हा फरक मुख्यतः गरातल्या पेशींच्या संख्येमुळे आहे, पेशी मोठ्या झाल्यामुळे नाही. दुसऱ्या गुणसूत्रावर या संख्येशी जोडलेली एक जागा सापडली आहे आणि तिथे पेशींच्या संख्येचं नियंत्रण करणाऱ्या कुळातलं एक जनुक आहे. टणकपणाची ठळक जागा चौथ्या गुणसूत्रावर आहे, आणि तिचा फळ पिकण्याच्या तारखेशीही संबंध आहे. म्हणूनच फार लवकर पिकणारी पण कडक चेरी मिळवणं अवघड जातं. फळाचा गडद किंवा फिका रंग तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे मोठ्या प्रमाणात ठरतो.

तोडणीच्या तोंडावर पाऊस आला की फळं तडकतात. न तडकणारं वाण का काढत नाहीत?

काढायचा प्रयत्न सतत चालू आहे, आणि अडचण फळाच्या सालीत आहे. चेरीवर मेणासारखा बारीक पापुद्रा असतो. फळ वाढीच्या शेवटच्या टप्प्यात शिरलं की हा पापुद्रा नव्याने तयार होणं जवळपास थांबतं, पण फळ तर फुगतच राहतं. पापुद्रा ताणला जातो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. पाऊस झाला की देठाजवळच्या खळगीत पाण्याचा थेंब अडकून राहतो, आणि खालच्या टोकालाही एक थेंब लोंबत असतो. तिथूनच पाणी आत झिरपतं. पाऊस थांबून ऊन पडल्यावर बागेत जा, देठाभोवती अर्धचंद्रासारखी उसवलेली फळं दिसतील. वर्षभराची मेहनत अशी एका दुपारी उघडी पडलेली पाहणं फार जिवाला लागतं.

वाणावाणांत फरक नक्की आहे. जर्मनीत तयार झालेली रेजिना पावसात बरीच तग धरते. पण हा गुण एका जनुकाचा नाही. सालीची लवचीकता, खळगीची खोली, साखर, फळ किती दिवस झाडावर राहतं, या सगळ्यांचा त्यात हात आहे. तोवर बागायतदार कॅल्शियमची फवारणी करतात, झाडांवर छत घालतात, फांद्यांवरचं पाणी वाऱ्याने झटकतात. काही ठिकाणी त्यासाठी हेलिकॉप्टर बागेवरून फिरवतात.

डीएनए चाचणीने काम सोपं झालं का?

टाकून देण्याचं काम सोपं झालं. कोवळ्या रोपाचं एक पान तपासून त्याचे एस प्रकार कळतात, आकाराच्या जागी चांगला प्रकार आहे की नाही हेही कळतं. जे रोप लहान फळाचं होणार हे कुंडीत असतानाच कळलं, त्याला पाच वर्षं जमीन, पाणी, छाटणी देण्यात अर्थ नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या एमी इझोनी यांच्या नेतृत्वाखाली रोझब्रीड हा प्रकल्प चालला. सफरचंद, पीच, चेरी, स्ट्रॉबेरी अशा गुलाबकुळातल्या फळांच्या पैदासीत डीएनए चाचण्या नेमाने वापरल्या जाव्यात हा त्याचा हेतू होता.

पण चव, करकरीतपणा, देठ हिरवा राहणं, पेटीत तीन आठवड्यांनी फळ कसं दिसतं, हे झाडाखाली उभं राहून आणि शीतगृहात जाऊनच बघावं लागतं. रांगेने शंभर झाडांवरची फळं चाखत, कोया थुंकत, वहीत खुणा करत जायचं, आणि शेवटी दोन झाडांना रंगीत फीत बांधायची. बाकीची अठ्ठ्याण्णव उपटायची. हे आजही असंच चालतं.

खुंटाने एवढा काय फरक पडतो?

झाडाची उंची, पहिलं फळ कधी येणार, जमीन कशी चालेल, थंडी किती सोसेल, फळ केवढं होईल, हे सगळं.

जुना खुंट म्हणजे मॅझार्ड, जंगली गोड चेरीचं बियाणं. त्यावरचं झाड घराच्या छपराएवढं वाढतं आणि भरात यायला बरीच वर्षं घेतं. तोडणीला उंच शिड्या लागतात, फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही, पक्ष्यांपासून वाचवायला जाळी टाकावी तर कशी टाकणार? दुसरा जुना खुंट महालेब. तो कोरडी, चुनखडीची जमीन आणि कडक थंडी सोसतो, पण पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत त्याची मुळं कुजतात.

बुटक्या झाडांचं स्वप्न खऱ्या अर्थाने पुरं केलं ते जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाने. वेर्नर ग्रुप्पे यांच्या गटाने आंबट चेरी आणि प्रूनस कॅनेसेन्स या जंगली प्रजातीचे संकर केले आणि त्यातून गिसेला मालिका आली. गिसेला ५ वरचं झाड मॅझार्डवरच्या झाडाच्या साधारण निम्म्या आकाराचं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं. गिसेला ६ त्याहून जोमदार. दोन्हींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे बियाण्यावरून त्यांची वाढ करता येत नाही. टिश्यू कल्चर किंवा कोवळ्या छाटांवरूनच रोपं करावी लागतात, आणि म्हणून ती महाग पडतात.

इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा कोल्ट छाटावरून सहज मुळं धरतो, पण दुष्काळ आणि कडाक्याची थंडी त्याला मानवत नाही. रशियातल्या क्रिम्स्क केंद्राचे क्रिम्स्क ५ आणि ६ थंडीला चांगले. मिशिगनमध्ये आंबट चेरीपासून निवडलेल्या बुटक्या खुंटांना तिथल्याच जिल्ह्यांची नावं दिली आहेत: कॅस, क्लेअर, क्लिंटन, क्रॉफर्ड, लेक.

मग सर्वात बुटका खुंटच घ्यावा ना?

घाई करू नका. बुटक्या खुंटावर स्वफलनक्षम वाण लावलं तर झाड इतकी फळं धरतं की पानं पुरत नाहीत, आणि चेरी वाटाण्याएवढी राहते. तिथे दरवर्षी कठोर छाटणी हवी. जमीन हलकी असेल, पाणी कमी असेल किंवा वाण मुळातच भरपूर फळणारं असेल तर गिसेला ५ पेक्षा जोमदार खुंट बरा. रेजिनासारखं कमी धरणारं वाण मात्र बुटक्या खुंटावर शोभतं. वाण आणि खुंट यांची जोडी एकत्रच ठरवावी.

खुंट झाडाला बुटकं कसं करतो?

कलमाच्या सांध्यात पाहिलं तर बुटक्या खुंटावरच्या झाडांत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बारीक आढळतात. वर जाणारं पाणी कमी पडतं, शेंड्याची वाढ लवकर थांबते आणि झाडाचा जोर फळकाड्यांकडे वळतो.

रोपवाटिका विषाणूमुक्त काडीचा एवढा आग्रह का धरतात?

कारण काही खुंट विषाणू सहन करतात आणि काही मरतात. प्रून ड्वार्फ आणि नेक्रॉटिक रिंगस्पॉट हे दोन विषाणू परागातूनही पसरतात. मॅझार्डवरच्या झाडात ते वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात. त्याच झाडाची काडी क्रिम्स्कवर बांधली की सांध्याजवळ डिंक येतो आणि झाड वाळतं. शेजाऱ्याच्या जुन्या झाडाची काडी फुकट मिळते म्हणून घेऊ नका.

हिवाळे उबदार होत चाललेत. चेरीचं काय होणार?

चेरीला विश्रांतीसाठी भरपूर थंडी लागते, अनेक वाणांना ७ अंशांखाली हजाराच्या आसपास तास. ती मिळाली नाही तर कळ्या मागेपुढे फुटतात आणि फळ धरत नाही. कमी थंडीत भागवणाऱ्या क्रिस्टोबालिनासारख्या जुन्या वाणांना म्हणूनच आता मोल आलंय. उन्हाळ्याचाही त्रास आहे. पारा ३० अंशांच्या वर गेला की पुढच्या वर्षीच्या कळ्यांत दुहेरी स्त्रीकेसर बनतात आणि जुळी फळं लागतात. काही वाणांत हे फार होतं, काहींत कमी, म्हणजे इथेही निवडीला वाव आहे.

नवी वाणं जनुकबदल केलेली असतात का?

वर उल्लेख केलेलं एकही वाण तसं नाही. चेरीच्या पेशीत जनुक घालून त्यापासून पूर्ण रोप उभं करणं फार कठीण आहे. संशोधनात एक विचारात घेण्यासारखी गोष्ट मात्र घडली आहे. गिसेला ६ या खुंटात विषाणूविरोधी छोटे आरएनए तयार होतील असा बदल केला, तेव्हा ते सांध्यातून वर चढून न बदललेल्या गोड चेरीपर्यंत पोचले. बदल खालच्या खुंटात, फळ जसंच्या तसं.

नव्या वाणाची काडी घेऊन मी स्वतः कलमं केली तर चालतं का?

वाण नोंदणीकृत असेल तर विक्रीसाठी नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार झाडांच्या वाणांना किमान २५ वर्षांचं संरक्षण असतं. इतकी वर्षं खर्चून वाण काढणाऱ्याला काहीतरी परत मिळायला हवं, हे मला रास्त वाटतं. जुनी वाणं मोकळी आहेत.

जुन्या आणि जंगली चेरी जपून काय उपयोग?

आजच्या व्यापारी वाणांचे पूर्वज मोजता येतील इतके थोडे आहेत. नेपोलियन, एम्परर फ्रान्सिस, बिंग, व्हॅन हीच नावं फिरून फिरून येतात. नवा रोग आला तर याच थोड्या घरांत उत्तर सापडेलच असं नाही. पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशीला प्रतिकार करणारा जनुकप्रकार प्रूनस कॅनेसेन्समध्ये मिळाला, म्हणजे गिसेलाच्या त्याच जंगली पालकाकडे. काळ्या समुद्रापासून कॅस्पियनपर्यंतच्या डोंगरांतली रानटी झाडं तोडली जातात तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी हौसेने कोय पेरली होती. आता रोप कमरेएवढं झालंय. उपटून टाकू का?

मुळीच नको. गोड चेरीची असेल तर तुमच्याकडे मॅझार्डच्याच जातीचा एक खुंट तयार आहे. खोड पेन्सिलएवढं जाड झालं की उन्हाळ्याच्या शेवटी, साल सहज सुटत असताना, जमिनीपासून वीतभर उंचीवर टी आकाराचा छेद द्या आणि खात्रीच्या वाणाचा एक डोळा भरा. फीत घट्ट बांधा, पण डोळा मोकळा ठेवा. पुढच्या वसंतात डोळा फुगायला लागला की त्याच्या वरचा शेंडा कापून टाका. झाड उंच होईल, त्यामुळे भिंतीपासून लांब लावा. आणि वरचं वाण कुठलं, त्याचा एस प्रकार कोणता, हे एका पत्र्याच्या पट्टीवर लिहून फांदीला अडकवा.